ताबा घेण्यापूर्वी

टेक्सस राज्यात साधी शिकारी रायफल दुकानातून बहुधा त्याच दिवशी घरी आणता येते. परंतु तिच्या नळीच्या तोंडाशी बसणारे, स्वतः एकही गोळी उडवू न शकणारे, वीतभर लांबीचे धातूचे नळकांडे, ज्याला येथे सप्रेसर म्हणतात, ते घरी आणावयाचे म्हटले की अर्ज, छायाचित्र, बोटांचे ठसे, पूर्वचारित्र्याची चौकशी आणि संघीय दप्तरातील नोंद एवढे सारे यथासांग पार पडेपर्यंत ते दुकानदाराच्या तिजोरीतच पडून राहते. यांतील एकही सोपस्कार कठीण नाही. कठीण आहे ती पुढची शिस्त, कारण इतर व्यवहारांत जी सैलता आपण सहज चालवून घेतो, ‘कागद मागाहून येईल, वस्तू तर घेऊन जा’ अशा वृत्तीची, तीच या एका बाबतीत दहा वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा फौजदारी गुन्हा ठरू शकते. अलीकडे या देशात स्थायिक झालेले काही मराठी स्नेही नेमबाजीकडे व शिकारीकडे वळू लागले असून त्यांच्याकडून मला याविषयी वरचेवर विचारणा होते; त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव लिहितो.

मला हे साधन घ्यावेसे वाटले ते कानांसाठी. उजव्या खांद्यावर रायफल टेकवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो, आणि कर्णतज्ज्ञाने काढलेल्या आलेखावर माझ्या डाव्या कानाची उच्च स्वर ऐकण्याची रेषा उजव्यापेक्षा स्पष्टपणे खाली उतरलेली दिसत होती. क्षणिक स्फोटध्वनीची धोक्याची मर्यादा १४० डेसिबल मानतात, आणि शिकारी रायफलचा बार १६० च्या घरात किंवा त्याही पलीकडे जातो. सप्रेसरच्या पोटात एकामागोमाग एक बसवलेल्या चकत्यांमध्ये बारूदाचे तप्त वायू अडतात, पसरतात, निवतात आणि मग मंद वेगाने बाहेर पडतात. त्यामुळे साधारण २० ते ३५ डेसिबलांची घट होते. चित्रपटांत ऐकू येणारी ती कुजबुज सर्वस्वी काल्पनिक आहे. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका तसाच उरतो, त्याला कोणतेही नळकांडे आवरू शकत नाही. सबब सप्रेसर बसवला तरी कानांवर संरक्षक आवरण घालणे मी सोडलेले नाही, आणि कोणीही सोडू नये.

या वस्तूवर एवढे निर्बंध का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मॅक्झिम तोफेचा जनक सर हिरम मॅक्झिम याचा पुत्र हिरम पर्सी मॅक्झिम याने १९०९ साली या साधनाचे पेटंट मिळवले आणि सभ्य नेमबाजांची सोय म्हणून त्याची विक्री केली. पुढे १९३४ साली संघटित गुन्हेगारीच्या भीतीने जो राष्ट्रीय बंदूक कायदा झाला, त्याने मशीनगनच्या पंगतीत यालाही बसवले आणि प्रत्येक हस्तांतरणावर २०० डॉलरांचा कर लादला. ही रक्कम त्या काळी खुद्द साधनाच्या किमतीहून कितीतरी अधिक होती. तो आकडा नव्वद वर्षांहून अधिक काळ जसाच्या तसा राहिला. ४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसरवरील तो कर शून्यावर आणला, आणि तेव्हापासून एक घातक गैरसमज पसरला आहे की कर गेला म्हणजे नोंदणीही गेली. तसे झालेले नाही. फॉर्म ४ वरील अर्ज, ठसे, छायाचित्र आणि मंजुरी ही पूर्ववत आवश्यक आहेत. बदलली ती फक्त भरावयाची रक्कम.

माझ्या अर्जाचे काम ज्या दुकानाने केले त्याचे नाव मी येथे घेत नाही. अर्ज भरताना पहिली अडचण आली ती आपल्या नावांच्या रचनेची. मधले नाव वडिलांचे, तेही एका दाखल्यावर पूर्ण, दुसऱ्यावर आद्याक्षरापुरते आणि तिसऱ्यावर मुळीच नाही, अशी तऱ्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या कागदपत्रांत असते. ठशांच्या कार्डावरील नाव, वाहन परवान्यावरील नाव आणि अर्जावरील नाव अक्षरशः एकच असावे, हे मी कारकुनाला सांगून तेथल्या तेथे जुळवून घेतले. कागद घरी नेऊन शांतपणे तपासण्याइतका वेळ मागून घ्यावा. कोणताही प्रामाणिक दुकानदार त्याला हरकत घेत नाही.

मंजुरी आल्याचा निरोप मिळाल्यावर मी वस्तू ताब्यात घ्यावयास गेलो. दुकानाच्या मागल्या दालनात तिजोरीतून काढलेले ते काळसर नळकांडे हिरव्या बनातीवर ठेवले होते, शेजारी मंजुरीची छापील प्रत, आणि सहीसाठी खरेदीदाराने भरावयाचा फॉर्म ४४७३. सही करण्याअगोदर मी नळकांडे खिडकीकडे धरून त्यावर कोरलेला क्रमांक एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागलो आणि समोरचा तरुण कर्मचारी कागदावर बोट फिरवत होकार देऊ लागला. शेवटाकडे येताच त्याचे बोट थबकले. धातूवर आठचा आकडा होता. कागदावर त्या ठिकाणी ‘बी’ हे अक्षर होते. तो क्षणभर गोंधळला, मग अगदी अदबीने म्हणाला, “सर, ही नुसती टंकनाची चूक आहे. आपण घेऊन जा, दुरुस्तीचा कागद आम्ही टपालाने पाठवू.”

त्याच्या बोलण्यात कपट नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक धोक्याचे होते. संघीय दप्तरात नोंद क्रमांकाची होते, मनुष्याच्या सद्हेतूची होत नाही; ज्या क्रमांकाला मंजुरी मिळाली होती तो क्रमांक धारण करणारे नळकांडे त्या दालनात नव्हते, आणि जे माझ्या हातात होते त्याच्यासाठी माझ्या नावे मंजुरीच नव्हती. नोंदणी नसलेले साधन जवळ बाळगणे हाच गुन्हा. मी सही केली नाही, क्रमांकाचे व कागदाचे शेजारी शेजारी छायाचित्र काढून घेतले, दुकानमालकाला तफावतीविषयी लेखी कळवले आणि रिकाम्या हाताने परतलो. एटीएफ, म्हणजे मद्य, तंबाखू, बंदुका आणि स्फोटके यांचा कारभार पाहणारे संघीय खाते, त्याच्याकडून दुरुस्ती होऊन येईपर्यंत शिकारीचा तो मोसम सरून गेला. त्याची मला खंत वाटत नाही. जो वाचक हा लेख येथेच मिटवून ठेवील त्यानेही एवढे ध्यानी धरावे की सही शेवटी करावयाची असते आणि क्रमांक आधी वाचावयाचा असतो.

कायद्याच्या अज्ञानापेक्षाही अर्धवट ज्ञान अधिक घात करते, याचे ढळढळीत उदाहरण कॅन्ससमध्ये घडले. त्या राज्याने २०१३ साली असा कायदा केला की राज्यात बनलेल्या व राज्यातच राहणाऱ्या बंदुकांना व त्यांच्या साधनांना संघीय निर्बंध लागू नाहीत. शनूट या छोट्या गावातील एका दुकानदाराने त्यावर विसंबून सप्रेसर बनवून विकले, आणि त्याच्या एका ग्राहकाने, जो माजी सैनिक होता, त्याच विश्वासाने एक विकत घेतला. दोघेही २०१६ साली संघीय न्यायालयात दोषी ठरले, अपिलातही हरले, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. तुरुंगवास टळून त्यांना परिवीक्षेवर सोडण्यात आले खरे, परंतु नावापुढे लागलेला गुन्हेगारीचा शिक्का गेला नाही. टेक्ससनेही २०२१ साली जवळपास त्याच धर्तीचा कायदा केला आहे, आणि ‘टेक्ससमध्ये बनलेल्याला नोंदणी लागत नाही’ असे ठासून सांगणारे लोक नेमबाजीच्या मैदानावर आजही भेटतात. त्यांच्या सांगण्यावरून काही करू नये.

तसाच सापळा परदेशी विक्रेत्यांच्या स्वस्त मालाचा. बंदूक साफ करताना द्रावक गोळा करण्याचे पात्र अशा नावाखाली काही नळकांडी आंतरजालावर अल्प किमतीत विकली जातात; ती टपालाने घरी येतात, आणि कधीकधी त्यांच्या मागोमाग संघीय अधिकारीही येतात. केवळ सप्रेसर जुळवण्यासाठीच बनवलेला सुटा भागसुद्धा कायद्याने सप्रेसरच समजला जातो. नोंदणीकृत साधनाच्या जास्तीच्या चकत्या घरात बाळगणेही त्याच कारणाने वर्ज्य आहे. दुरुस्ती लागली तर ते मूळ निर्मात्याकडे धाडावे.

आता आपल्या मंडळींना विशेषत्वाने लागू पडणारी गोष्ट. एच-वन-बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या इसमाला संघीय कायद्याने बंदूक व काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणतः मनाई आहे, आणि सप्रेसर हा स्वतःच त्या कायद्याच्या व्याख्येत ‘बंदूक’ म्हणून येतो. वैध शिकार परवाना असणाऱ्यास काही अपवाद आहे, परंतु त्या अपवादाच्या आधारावर सप्रेसर घेण्याचे धाडस कोणी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कारण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला परकीय नागरिक, मग त्याच्यापाशी ग्रीन कार्ड का असेना, देशाबाहेर घालवला जाण्यास पात्र होतो. एका नळकांड्यासाठी आयुष्यभराचा संसार पणास लावण्यात शहाणपण नाही. नागरिकत्व मिळेपर्यंत थांबावे. ज्या राज्यांत गांजाला मुभा आहे तेथील रहिवाशांनीही हे विसरू नये की संघीय कायदा ती मुभा मानत नाही, आणि फॉर्म ४४७३ वर त्याविषयी सरळ प्रश्न विचारलेला असतो.

बेचाळीस राज्यांत सप्रेसर बाळगता येतो. आठ राज्यांत येत नाही. त्या आठांत कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, इलिनॉय आणि मॅसॅच्युसेट्स आहेत, म्हणजे नेमकी तीच राज्ये जेथे आपले भाऊबंद मोठ्या संख्येने राहतात. न्यू जर्सीतील एडिसनला मामेबहिणीच्या घरी गणपतीला निघालेल्या गृहस्थाच्या मोटारीच्या मागल्या कप्प्यात शिकारीहून परतलेली पिशवी तशीच राहून गेली, तर टेक्ससची नोंद न्यू जर्सीच्या पोलिसापुढे त्याला वाचवू शकत नाही. नोकरीनिमित्त अशा राज्यात बदली झाली तर साधन आधीच कायदेशीर रीतीने विकावे किंवा त्याची व्यवस्था परवानाधारक व्यापाऱ्यामार्फत लावावी. भारतात ते नेण्याचा तर विचारही मनात आणू नये: अमेरिकेतून बाहेर न्यावयास निर्यात परवाना लागतो, आणि आपल्याकडील २०१६ च्या शस्त्र नियमांनी बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला कमी करणारी उपसाधने प्रतिबंधित शस्त्रांच्या पहिल्याच वर्गात घातली आहेत.

घरातला ताबा हा प्रश्न त्याहून नाजूक आहे, कारण आपल्याकडे पतीची वस्तू ती पत्नीची, भावाची ती भावाची, असे मानून चालण्याची रीत आहे. नोंद एका व्यक्तीच्या नावे असेल तर त्या व्यक्तीच्या गैरहजेरीत दुसऱ्याच्या हाती ते साधन असू नये. समोर उभे राहून मित्राला चार गोळ्या झाडू द्याव्यात, पण ‘रविवारी परत आणून दे’ म्हणून देऊ नये. तिजोरीचा संकेतांकही मी म्हणूनच स्वतःपाशी ठेवला आहे. पतीपत्नी दोघांनाही वापरावयाचे असेल तर न्यास स्थापन करून त्याच्या नावे नोंद करावी. मात्र न्यासातील प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे ठसे व छायाचित्र अर्जासोबत द्यावे लागतात, तेव्हा प्रेमापोटी व्हिसावरच्या धाकट्या भावाचे नाव त्यात घालू नये.

यंत्राविषयी एकच गोष्ट सांगतो. नळीच्या तोंडावरचे आटे नळीच्या मध्यरेषेशी किंचितही तिरपे कापलेले असतील, तर गोळी आतल्या चकत्यांना घासते आणि साधन एका बारात निकामी होते. पहिला बार काढण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची खातरजमा करून नळीच्या व्यासाची सरळ पोलादी कांडी आतून पुढे सरकवावी व सप्रेसरच्या तोंडाशी पाहावे. कांडीच्या भोवतीची फट सगळीकडून सारखी दिसली तरच पुढे जावे. माझ्या रायफलीवर ती खालच्या अंगाला जवळजवळ मिटलेली दिसली, आणि आटे नव्याने कापून घेईपर्यंत मी सप्रेसर तिच्यावर पुन्हा चढवला नाही.

शेवटी राहतो तो वारसांचा विचार, जो आपण मराठी माणसे अशुभ म्हणून पुढे ढकलतो. मालकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाकडे हे साधन फॉर्म ५ वर करमुक्त हस्तांतरित होऊ शकते, आणि तोवर ते सांभाळण्याचा अधिकार मृत्युपत्राच्या व्यवस्थापकास असतो; परंतु घरात अशी काही वस्तू आहे आणि तिचा कागद अमुक ठिकाणी आहे हे कोणालाच ठाऊक नसेल, तर दुःखाने भांबावलेली पत्नी ती शेजाऱ्याला देऊन मोकळी होईल आणि दोघेही निष्कारण गुन्ह्याच्या कक्षेत येतील. तेव्हा मंजुरीच्या कागदाची एक प्रत साधनासोबत ठेवा, दुसरी मृत्युपत्रासोबत ठेवा, आणि ती कोठे ठेवली आहे हे घरच्यांना आजच सांगा.