आधी परीक्षेचा क्रमांक, मग पुस्तक

हुतात्मा चौकाच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असतात, त्यात कॉम्प्युटर नेटवर्किंगचीही जाडजूड पुस्तकं सापडतात. अंधेरी, बोरिवलीहून आलेला बी.एस्सी. आयटीचा विद्यार्थी ती उचलतो, किंमत कमी करून घेतो आणि खूश होऊन घरी जातो. मुखपृष्ठावर ‘सीसीएनए’ ही, सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग परीक्षेच्या नावाची, अक्षरं मोठी असतात. त्याखालचा लहानसा क्रमांक पाहायचं राहून जातं. तो २००-१२५ असेल, तर ती परीक्षा फेब्रुवारी २०२० मध्येच बंद झाली. तिच्या जागी २४ फेब्रुवारी २०२० पासून २००-३०१ ही परीक्षा आली, आणि २० ऑगस्ट २०२४ पासून तिच्याही अभ्यासक्रमाची १.१ ही सुधारित आवृत्ती लागू झाली.

हा फरक नुसत्या छपाईचा नाही. जुन्या पुस्तकात ईआयजीआरपीवर मोठमोठी प्रकरणं असतात, त्याहून जुन्यात फ्रेम रिले असतं. आजच्या परीक्षेत त्यांना जागा नाही. उलट वायरलेस, नेटवर्क सुरक्षा आणि ऑटोमेशन यांना त्या पुस्तकांत आजच्याइतकी जागा नसते, आणि १.१ मध्ये आलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची तोंडओळख तर शोधूनही मिळत नाही. दोन-तीन महिने मन लावून अभ्यास करायचा आणि तो चुकीच्या परीक्षेचा निघायचा, यासारखं नुकसान नाही. त्यात पैसे थोडेच जातात, उमेद फार जाते.

म्हणून पहिलं अभ्याससाहित्य कोणतं, तर सिस्कोच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारी परीक्षेची विषयसूची. मोजक्या पानांचा हा कागद छापून घ्यावा आणि टेबलासमोर चिकटवावा. नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस २० टक्के, आयपी कनेक्टिव्हिटी २५ टक्के, आयपी सर्व्हिसेस १० टक्के, सुरक्षेची मूलतत्त्वं १५ टक्के आणि ऑटोमेशन १० टक्के, असं वजन २००-३०१ साठी ठरलेलं आहे. पुस्तक असो, व्हिडिओ असो की क्लासची माहितीपत्रिका, प्रत्येक गोष्ट या कागदाशेजारी ठेवून पाहावी. आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे राउटिंगला, चौथा हिस्सा आहे. ज्या अभ्याससाहित्यात राउटिंग दोन तासांत आटोपलेलं असेल, ते कितीही आकर्षक असलं तरी बाजूला ठेवावं.

पालकांचा पहिला प्रश्न वेगळाच असतो: या परीक्षेने नोकरी मिळते का? एकटं प्रमाणपत्र नोकरी देत नाही, पण उपनगरांतल्या मुलांसाठी हे क्षेत्र अगदी दाराशी आहे, हेही खरं. वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेट केबल लागतात. चांदिवलीत डेटा सेंटर आहेत, ऐरोली-महापेच्या पट्ट्यात त्याहून मोठी आहेत. मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडला की हा पट्टा सुरू होतो. सीप्झ, मालाड, गोरेगावच्या ऑफिसांत नेटवर्क सांभाळायला माणसं लागतातच. पहिली नोकरी बहुधा एनओसीमधली, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या खोलीतली किंवा फील्ड इंजिनिअरची असते. त्यात रात्रपाळी असते, फिरती असते. हे घरात आधीच बोललेलं बरं.

परीक्षेची फी ३०० डॉलर, कर वेगळा. नापास झाल्यास पुन्हा पूर्ण फी भरावी लागते आणि पुन्हा बसण्याआधी किमान पाच दिवस थांबावं लागतं. प्रमाणपत्र तीन वर्षं टिकतं. पेपर १२० मिनिटांचा, आणि एकदा पुढच्या प्रश्नावर गेलं की मागच्यावर परत येता येत नाही. बोर्डाच्या परीक्षेत ‘सोपे आधी, अवघड नंतर’ ही सवय लागलेल्या मुलांना हा नियम जड जातो. उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात हे सिस्को जाहीर करत नाही, त्यामुळे कुणी छातीठोकपणे आकडा सांगितला तर ती ऐकीव गोष्ट समजावी. कॉम्पटिया नेटवर्क प्लस या दुसऱ्या लोकप्रिय परीक्षेचं तसं नाही. तिच्या एन१०-००९ या आवृत्तीत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात आणि ९०० पैकी ७२० गुणांना उत्तीर्ण होता येतं. ती कोणत्याही एका कंपनीच्या उपकरणांना बांधलेली नाही. सिस्कोच्या परीक्षेत मात्र सिस्कोच्या कमांड यायलाच हव्यात.

आता पुस्तकांकडे वळू. सीसीएनएसाठी वेंडेल ओडम यांचं सिस्को प्रेसने काढलेलं दोन खंडी ‘ऑफिशियल सर्ट गाइड’ वर्षानुवर्षं वापरलं जातं. १.१ साठी त्याची २०२४ ची दुसरी आवृत्तीच घ्यावी. ते सविस्तर आहे, शंकेला जागा ठेवत नाही, पण नवख्याला पहिल्या पानापासून सलग वाचायला कठीण जातं. इंग्रजी माध्यमाची सवय नसेल तर शंभर पानांतच दम लागतो. अशा मुलाने आधी व्हिडिओ पाहावा आणि त्याच विषयाचं प्रकरण मागाहून वाचावं. ‘जेरेमीज आयटी लॅब’ ही यूट्यूबवरची मालिका त्यासाठी उत्तम आहे. ती पूर्णपणे विनामूल्य आहे, साठहून अधिक दिवसांच्या पाठांत बांधलेली आहे, आणि बहुतेक पाठांबरोबर सरावाची लॅब आणि उजळणीसाठी ‘अँकी’ या ॲपमधली फ्लॅशकार्डं मिळतात. हजारो रुपयांच्या कोर्सकडे वळण्यापूर्वी निदान तिचे पहिले दहा पाठ पाहावेत.

बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या मुलाला रोज येऊन-जाऊन दोनेक तास लोकलमध्ये मिळतात. गर्दीत नवा विषय समजून घ्यायला जाऊ नये. तो वेळ फ्लॅशकार्डांचा: कोणता प्रोटोकॉल कोणत्या पोर्टवर, ओएसपीएफचे शेजारी कोणकोणत्या अवस्थांतून जातात, कोणत्या मास्कला किती पत्ते. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोच्या वीस-बावीस मिनिटांतही एक उजळणी होऊन जाते.

खरी परीक्षा पुस्तकात नसते, कीबोर्डवर असते. व्हिडिओ पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं. रिकाम्या स्क्रीनवर दोन राउटर मांडून त्यांना एकमेकांशी बोलतं करायला बसलं की काय समजलं नव्हतं ते कळतं. त्यासाठी पॅकेट ट्रेसर हे सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचं सॉफ्टवेअर खातं उघडताच फुकट मिळतं आणि चार जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात एका पॅकेटचं स्विचपाशी काय होतं, राउटरपाशी काय होतं, हे टप्प्याटप्प्याने डोळ्यांनी पाहता येतं. लॅमिंग्टन रोडवरून जुना राउटर आणि स्विच आणून घरात लॅब मांडण्याची हौस काहींना असते. ती वाईट नाही, पण या परीक्षेसाठी गरजेची नाही. वन-रूम-किचनच्या घरात त्या उपकरणांच्या पंख्यांचा आवाज सगळ्यांना सोसावा लागतो, हेही लक्षात घ्यावं.

सराव कसा, हे एका उदाहरणाने सांगता येईल. मुलुंडमधल्या एखाद्या कॉलेजला १९२.१६८.१०.०/२४ हा पत्त्यांचा गट दिला आहे. ऑफिस, लॅब, ग्रंथालय आणि स्टाफरूम यांची नेटवर्क वेगळी हवीत. /२६ मास्क लावला की ६४-६४ पत्त्यांचे चार भाग पडतात, आणि प्रत्येकात उपकरणांना देण्याजोगे ६२ उरतात. तिसऱ्या भागाचा नेटवर्क पत्ता १९२.१६८.१०.१२८, ब्रॉडकास्ट १९२.१६८.१०.१९१. हे कागदावर अर्ध्या मिनिटात यायला हवं. ते आलं की तेच कॉलेज पॅकेट ट्रेसरमध्ये उभं करावं, चार व्हीलॅन करावेत, राउटरवरून त्यांना जोडावं आणि मग मुद्दाम एक केबल काढून काय बंद पडतं ते पाहावं. बिघाड स्वतः घडवून स्वतः दुरुस्त करायला लावणारं साहित्य सर्वांत मोलाचं, आणि असं साहित्य बहुतेक वेळा विकत घ्यावंच लागत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी बिचकू नये. परीक्षा मराठीत नाही, पण विचार मराठीत करायला कुणाची हरकत नाही. वहीत संज्ञा इंग्रजी ठेवाव्यात, स्पष्टीकरण मराठीत लिहावं आणि घरच्या कुणाला तरी तोंडी सांगून पाहावं. पवईच्या आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सवरचे छोटे पाठ मराठीत ऐकायला मिळतात. ते सीसीएनएसाठी बनवलेले नाहीत, पण काळ्या पडद्यावर कमांड टाइप करण्याची भीती घालवायला फार उपयोगी आहेत. एनपीटीईएलवरचे नेटवर्कचे अभ्यासक्रम पदवीच्या खोलीचे असतात. डिप्लोमा किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या जिज्ञासू मुलाने ते जरूर पाहावेत, परीक्षेच्या घाईत नव्हे.

आणि ‘डम्प’. परीक्षेतले प्रश्न चोरून बनवलेल्या पीडीएफ सर्वत्र फिरतात, स्वस्तात मिळतात, आणि ‘यातलंच येतं’ असं सांगून विकल्या जातात. त्या घेऊ नयेत. सिस्कोच्या करारानुसार परीक्षेचा मजकूर गुप्त असतो, आणि हा करार मोडणाऱ्याचं प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, पुढच्या परीक्षांना बंदीही येऊ शकते. पण समजा हे काहीच झालं नाही, तरी मुलाखत उरतेच. समोरचा माणूस ‘शो आयपी राउट’ या कमांडचा आउटपुट पुढे ठेवतो आणि विचारतो, हा पॅकेट कुठून जाईल? पाठ केलेली उत्तरं तिथे उपयोगाला येत नाहीत, आणि कंपनीला ते पाच मिनिटांत कळतं. सरावपरीक्षा द्याव्यातच, मात्र त्या प्रकाशकाच्या किंवा ओळखीच्या शिक्षकाच्या असाव्यात, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराचं कारण त्यात दिलेलं असावं.

क्लास लावावा का? स्वतःहून रोज दीड तास बसू शकणाऱ्या मुलाला गरज नाही. ज्याला वेळापत्रक आणि शंका विचारायला माणूस लागतो, त्याने जरूर लावावा. त्याआधी आपलं कॉलेज सिस्को नेटवर्किंग अकॅडमीशी जोडलेलं आहे का, ते विचारावं. १९९७ पासून चालणाऱ्या या उपक्रमात सीसीएनएचा अभ्यास तीन भागांत शिकवला जातो. खासगी क्लासमध्ये पालकांनी ‘जॉब गॅरंटी’च्या फलकाकडे पाहू नये. चालू बॅचमध्ये तासभर बसू द्या म्हणावं. मुलांचे हात कीबोर्डवर असतील तर पुढची बोलणी करावी. फळ्यावरचं नुसतं उतरवून घेणं चाललं असेल तर फी भरू नये.

अभ्यास अर्ध्यावर आला की तारीख ठरवावी, आणि नोंदणी करताना एक गोष्ट जपावी. परीक्षाकेंद्रावर नोंदणीतलं नाव आणि सरकारी ओळखपत्रावरचं नाव जुळावं लागतं. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, कुठे वडिलांचं नाव आहे तर कुठे नाही, असा प्रकार असतो. पैसे भरण्याआधी पालकांनी मुलाशेजारी बसून ही अक्षरं एकदा ताडून पाहावीत.