ॲलर्जीची गोळी : साधी खरी, पण जपून घ्यावी

पावसाळा सरत आला, गाजरगवत फुलले, मळणीचा धुरळा उडू लागला की शिंका, वाहते नाक, डोळ्यांची खाज आणि अंगावर पित्त उठणे या तक्रारी वाढतात. मग औषधाच्या दुकानातून ‘सर्दीची एक गोळी’ आणली जाते. गोळी बारीक, किंमत थोडी आणि गुण लवकर. त्यामुळे तिला कोणी औषध मानतच नाही. मात्र चुकीच्या माणसाने, चुकीच्या वेळी घेतली तर हीच गोळी अपघाताला कारण होऊ शकते.

गोळी काय करते?

ॲलर्जी म्हणजे वावडे. धूळ, परागकण, एखादे औषध किंवा खाद्यपदार्थ मानवला नाही की शरीरातील काही पेशींतून हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर पडते. त्याने खाज सुटते, नाक गळते, अंगावर गांधी उठतात. ही गोळी हिस्टामिनचा परिणाम अडवते. त्रास थांबतो, वावडे मात्र तसेच राहते. म्हणून कशाने त्रास होतो हे शोधून ते टाळणे, हा उपचाराचा पहिला भाग आहे. अंगावरचे ‘पित्त’ आणि पोटातले आम्लपित्त हे दोन वेगळे विकार आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

जुन्या आणि नव्या गोळ्या

क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन, प्रोमेथाझिन ही जुनी औषधे मेंदूपर्यंत पोचतात, त्यामुळे गुंगी येते. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत राहू शकतो. झोप आल्यासारखे वाटले नाही, तरी हाताची आणि नजरेची चपळाई कमी होते. अशा वेळी मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नये. मळणी यंत्र किंवा कडबाकुट्टीवर काम करू नये. दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळीबरोबर गुंगी फार वाढते.

लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या नव्या औषधांनी गुंगी क्वचितच येते. सेटिरिझिनने मात्र काहींना झोप येते. मोठ्या माणसाला सेटिरिझिन १० मिलिग्रॅम दिवसातून एकदा पुरते. गुण आला नाही म्हणून स्वतःच दुसरी गोळी घेऊ नये. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर घ्यावी. फळांच्या रसाने तिचा गुण कमी होतो.

कोणी विशेष जपावे?

* प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धांची लघवी जुन्या गोळ्यांनी अडू शकते. वृद्धांना भ्रम होणे, तोल जाऊन पडणे, हाही धोका असतो.
* काचबिंदू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.
* मूत्रपिंडाच्या रुग्णांना सेटिरिझिनची मात्रा कमी करावी लागते.
* गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.
* मूल झोपावे म्हणून सर्दीचे औषध पाजू नये. क्लोरफेनिरामाइन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे.

सर्दी-खोकल्याच्या अनेक मिश्र गोळ्यांत व सिरपमध्ये हेच औषध असते. दोन्ही घेतली की मात्रा दुप्पट होते. वेष्टनावरचे नाव वाचावे. वाचता येत नसेल तर दुकानदाराला विचारावे. जुनाट खाजेसाठी गोळीच्या जोडीला स्टेरॉइड परस्पर घेत राहणे तर फारच घातक. त्याने रक्तातील साखर व रक्तदाब वाढतात, हाडे ठिसूळ होतात.

गोळीवर विसंबू नका

मधमाशी चावल्यावर, इंजेक्शननंतर किंवा काही खाल्ल्यावर जीभ-घसा सुजला, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली किंवा गांधींबरोबर वारंवार उलट्या होऊ लागल्या, तर ही प्राणघातक ॲलर्जी समजावी. येथे गोळीचा गुण येईपर्यंत उशीर होतो. अशा वेळी प्राण वाचवणारे औषध म्हणजे मांडीत दिले जाणारे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. दम लागत असेल तर बसू द्यावे, पण चालवू नये. ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठावे.

ज्या औषधाचे किंवा पदार्थाचे वावडे निघाले, त्याचे नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवावे आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवावे.