साखर, पाणी आणि एम-थ्री

कॉन्व्हेंटमधली असल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. एम-थ्रीत माझी बॅक लागली होती. सीएफ, पीआय सगळं पाठ होतं. आपण शोधतोय काय, तेवढंच माहीत नव्हतं!

सुट्टीत घरी बेलापूरला गेले (श्रीरामपूरजवळचं, नव्या मुंबईतलं नव्हे). प्रवरेकाठी सगळा ऊस. तोडलेला ऊस कारखान्याच्या रांगेत अडकला की बाबांचा जीव वर-खाली. "वजन घटतं गं, आणि साखरही."

साखर कशी घटते? १८५० मध्ये विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने आम्ल घातलेल्या साखरेच्या पाण्यावर हे मोजलं. शिल्लक साखर जितकी जास्त, तितका तिच्या फुटण्याचा वेग जास्त. झालं, हेच डिफरन्शियल इक्वेशन! ते फक्त 'आत्ता' काय चाललंय ते सांगतं. त्यावरून 'नंतर'चा सगळा आलेख काढायचा. इथे तो निघतो: १०० ग्रॅम साखर, दर ताशी ०.१, तर ३ तासांनी ७४.१ ग्रॅम उरते.

आता कालवा. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, पण "आवर्तन सुटलं, आपल्या चारीला पाणी कधी?" हा प्रश्न अजून दरवर्षी असतोच. सेंट व्हेनंट या फ्रेंच इंजिनिअरने १८७१ मध्ये अशा वाहत्या पाण्याची समीकरणं मांडली. त्यांत वेग खोलीवर आणि खोली वेगावर अवलंबून. शिवाय घर्षण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. आणि वर्ग आला की बेरीज मोडते! ३ आणि ४ चे वर्ग मिळून २५, पण ७ चा वर्ग ४९. आपण सीएफ आणि पीआय बिनधास्त मिळवतो ना? ते तुकडे जोडता येतात म्हणूनच. इथे जोडताच येत नाहीत. हे मला वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

मग उरते ऑयलरची पायरी-पायरीची पद्धत. साखरेवर करून पाहिली: दर तासाला एक पायरी, ९०, ८१, ७२.९. खरं उत्तर ७४.१, म्हणजे चुकलं. पायरी अर्ध्या तासाची केली, ७३.५ आलं. पण कालव्याचं खरं उत्तर वहीच्या मागे छापलेलं नसतं. तिथे पायरी निम्मी करायची, पुन्हा गणित करायचं, आणि उत्तर हलायचं थांबतंय का ते बघायचं. रात्री दीडपर्यंत मी कॅल्क्युलेटरवर तेच करत होते. बाबा पाण्याच्या पाळीसाठी जागे होते.