फ्लॅट रोजावर देण्याआधी

मोशीत आमचा टू बीएचके आहे. चाकणच्या कंपन्यांत मशीन बसवायला, ट्रायल घ्यायला येणारी मंडळी तिथे आठवडा-पंधरवडा उतरतात. या धंद्यात नवा पडणारा हमखास विचारतो, "पालिकेचं लायसन लागतं का हो?" मी उलट विचारतो, फ्लॅट कोणाच्या हद्दीत? मोशी-चिखली महापालिकेत, चाकण नगरपरिषदेत, निघोजे ग्रामपंचायतीत. घरपट्टीचं टेबल तसं बदलतं. पोलीस मात्र एकच. १५ ऑगस्ट २०१८ पासून हा पट्टा पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे.

एकदा रात्री उशिरा दारात जर्मन इंजिनिअर उभा. बुकिंग कंत्राटदाराच्या नावावर, येणारा परदेशी आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. फोन केला तर म्हणे, "काका, व्हिसा कंपनीनं काढलाय, तुम्ही कशाला टेन्शन घेता?" व्हिसा कंपनीचा, पण घरात परदेशी पाहुणा उतरला हे कळवायचं काम घर देणाऱ्याचं, आणि मुदत २४ तास. सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा आला, तरी ही जबाबदारी सुटलेली नाही. लोक अजून 'सी फॉर्म'च म्हणतात. तो ऑनलाइन भरतात, पण त्यासाठी मालकाची स्वतःची नोंदणी आधी लागते आणि पाहुणा सोफ्यावर बसलेला असताना ती होत नसते. ती आधीच करून ठेवा. पासपोर्ट-व्हिसाचे फोटो पाहुणा विमानात बसण्यापूर्वी मागवा. 'आल्यावर देतो' म्हणणाऱ्या कंत्राटदाराला मी आता चावीच देत नाही.

महिना-दोन महिने राहणाऱ्यांशी लिव्ह अँड लायसन्स करार करून तो नोंदवाच. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणी मालकाच्या गळ्यात आहे. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. करार कंपनीच्या नावावर असला, तरी राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव पोलिसांकडे कळवा.

सोसायटीला भाड्याच्या घरासाठी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त बिगर-वास्तव्य शुल्क लावता येत नाही. तिथे जरूर भांडा. पण रोज नवी माणसं लिफ्टमध्ये दिसतात म्हणून शेजारी कुरकुरले, तर मी त्यांच्याच बाजूचा.

राहिला मीटर. घरगुती जोडणीवर लॉजसारखा धंदा चालतोय असं महावितरणला आढळलं, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. मीटर कोणत्या वर्गात बसतो ते त्यांच्या कार्यालयात आधी विचारा आणि वाढीव बिल धरूनच रोजाचा दर सांगा.