अंगणातील भाजी

मुलांनो, तुमच्या घरापुढे किंवा घरामागे थोडी मोकळी जागा आहे का? असेल, तर पावसाळ्यात तिथे जाऊन बारकाईने पाहा. न लावता उगवलेल्या किती तरी वनस्पती तुम्हांला दिसतील. आपण त्यांना गवत म्हणतो आणि उपटून टाकतो. पण त्यांतील काही चांगल्या भाज्या आहेत. शोभेसाठी लावलेली काही झाडेही खाण्याच्या उपयोगी पडतात.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथे मराठी आणि दखनी उर्दू शेजारी शेजारी नांदल्या. एकाच भाजीला दोन नावे मिळाली. मराठीत जिला घोळ म्हणतात, तिला तुमच्या घरी कुल्फा म्हणत असतील. तांदुळजा आणि माठ यांना उर्दूत चौलाई म्हणतात. अंबाडीला दखनीत अंबाडा म्हणतात. गुलकंद हा शब्द तर मराठीत आणि उर्दूत एकच आहे. फारसीतील 'गुल' म्हणजे फूल आणि 'कंद' म्हणजे साखर. या दोन शब्दांपासून तो तयार झाला.

आता घोळीची ओळख करून घेऊ. ती जमिनीलगत पसरते. तिचे देठ लालसर आणि रसाळ असतात. पाने लहान, जाड व गुळगुळीत असतात. चव थोडी आंबट असते. डाळीत घातली की तिची छान भाजी होते. देठाचा तुकडा ओल्या मातीत रोवला, तरी तो जगतो. पण घोळीजवळच तिच्यासारखे दिसणारे दुधी नावाचे एक तण वाढते. ते कसे ओळखायचे? देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला, तर ती घोळ नव्हे. मात्र ही खूण फक्त घोळीसाठी आहे. पाथरीच्या पानांतूनही चीक निघतो, तरी पाथरी आवडीने खातात. म्हणून प्रत्येक वनस्पतीची खूण वेगळी शिकावी लागते.

बागेतील कोंबडा हे फूल तुम्ही पाहिले असेल. उर्दूत त्याला ताज-ए-खुरूस म्हणतात. शेतात उगवणारी कुर्डू ही त्याचीच रानटी बहीण आहे. फुले येण्यापूर्वी कुर्डूची कोवळी पाने खुडून भाजी करतात. जास्वंदीची फुले सुकवून चहासारखी उकळतात. हादग्याच्या पांढऱ्या फुलांची भाजी व भजी करतात. फुलाच्या आतील दांडा कडू असतो, तो आधी काढून टाकतात.

शेवगा तर घराजवळ असावाच. आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते. शेवग्याला फार पाणी लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर त्याची जाड फांदी रोवली, तरी तिला मुळे फुटतात. त्याच्या शेंगा, फुले आणि कोवळी पाने या तिन्ही गोष्टी खाता येतात. पानांत लोह व चुना भरपूर असतो. त्याचे लाकूड मात्र ठिसूळ असते. फांदी सहज मोडते, म्हणून त्यावर चढू नका.

मुलांनो, पूर्वी या भाज्यांसाठी अंगण लागत नसे. शेतात खुरपणी करणाऱ्या बाया संध्याकाळी ओटीत तांदुळजा, कुंजर, घोळ घेऊन घरी येत. घरी पैसा नसला, तरी भाजी असे. आता सोयाबीनच्या व हळदीच्या अनेक शेतांत तणनाशक फवारतात. त्याने शेतकऱ्याचे कष्ट आणि मजुरी वाचते. पण तणाबरोबर भाज्याही जळून जातात. उरलेल्या फवारलेल्या शेतातील पाने खाणे धोक्याचे असते. खुरपणी कमी झाली, म्हणून त्या भाज्या ओळखणाऱ्या मुलीही कमी झाल्या. जी भाजी कोणाला ओळखता येत नाही, ती दारात उगवली तरी उपटली जाते.

म्हणूनच आपले अंगण महत्त्वाचे आहे. तिथे फवारणी करू नका. भाजी मुळासकट उपटू नका, शेंडे खुडा. दोन-चार रोपे तशीच राहू द्या. त्यांचे बी मातीत पडेल आणि पुढच्या पावसात भाजी पुन्हा उगवेल. तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेले पाणी या रोपांना घाला. साबणाचे पाणी घालू नका.

पण एक गोष्ट कधीही विसरू नका. बागेतील प्रत्येक सुंदर झाड खाण्याचे नसते. लाल कण्हेर आणि पिवळी कण्हेर या दोन्ही विषारी आहेत. धोतऱ्याचे बी आणि गुंजेचे लाल-काळे बी यांनी जीव जाऊ शकतो. अळूची पाने खातात, पण नीट न शिजवल्यास घसा खाजतो. म्हणून त्यात चिंच घालतात आणि ते चांगले शिजवतात. बाजारातून आणलेल्या शोभेच्या गुलाबावर औषध फवारलेले असू शकते. त्याचा गुलकंद करू नये. जाणत्या माणसाने हातात घेऊन 'हीच ती भाजी' असे सांगितल्याशिवाय कोणतेही पान तोंडात घालू नका. चित्र पाहून ओळखले, एवढे पुरेसे नाही.

असे जाणते लोक आपल्या जवळच असतात. कळमनुरी व औंढा नागनाथ भागातील आंध समाजातील वडीलधारी माणसे रानभाज्या चांगल्या ओळखतात. तुमच्या नानीला, दादीला विचारा. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी कोणती पाने खाऊन दिवस काढले, तेही विचारा. त्या सांगतील ती नावे वहीत मराठीत आणि उर्दूत लिहून ठेवा. मग वही घेऊन त्यांच्याबरोबर अंगणात जा आणि एकेक भाजी हातात घेऊन ओळखा.

शब्दार्थ
बारकाईने – नीट लक्ष देऊन
चीक – झाडातून निघणारा दाट रस
तण – पिकात आपोआप उगवणारे गवत
खुरपणी – खुरप्याने तण काढणे
ओटी – पदराची झोळी
खुडणे – बोटांनी हलकेच तोडणे
ठिसूळ – सहज मोडणारे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) घोळ आणि दुधी यांतील फरक कसा ओळखावा?
(आ) अळूच्या भाजीत चिंच का घालतात?
२. कारणे लिहा.
(अ) शेवग्याच्या झाडावर चढू नये.
(आ) भाजीची दोन-चार रोपे न खुडता ठेवावीत.
३. तणनाशकाचा एक फायदा आणि एक तोटा तुमच्या शब्दांत लिहा.
४. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाच भाज्यांची मराठी व उर्दू नावे लिहा.