पोळ्याचं पुरण सैल का होतं?

प्रश्न : दरवर्षी पोळ्याला पुरण सैल होतं आणि पोळी तव्यावर फुटते. काय चुकतं?
– एक वाचक भगिनी, लोहा (जि. नांदेड)

उत्तर : ताई, बहुतेक वेळा दोष डाळीत राहिलेल्या पाण्याचा असतो. हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवा आणि बोटानं सहज चिरडेल इतकी शिजवा. मग चाळणीत उपसून पूर्ण निथळू द्या. खालची येळवणी आमटीला ठेवा. डाळ कच्ची असताना गूळ घालू नका. नंतर ती मऊ होत नाही.

एक वाटी कोरड्या डाळीला पाऊण ते एक वाटी चिरलेला गूळ पुरतो. गूळ घातला की पुरण पातळ होतं, म्हणून मंद आचेवर ढवळत आटवा. उलथनं मधोमध उभं राहिलं की उतरवा. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. वेलदोडा, जायफळ, सुंठ शेवटी घाला.

पुरण गार झाल्यावरच भरा. कणीक सैल मळून, तेल लावून तासभर झाकून ठेवा. पुरण आणि कणीक सारख्याच मऊ हव्यात. तरीही पुरण सैल वाटलं तर पुन्हा आटवा, घट्ट झालं तर दुधाचा हबका मारा. पुरण आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलं, तर सणाच्या सकाळी धावपळ होणार नाही.