एफ-वन दाबून पुढे

आमच्या अकोल्यात मे महिन्यात ‘कूलर’ म्हटलं की वाळ्याच्या ताट्या, पाण्याची मोटर आणि खिडकीला टेकवलेला पत्र्याचा डबा, एवढंच डोळ्यांपुढे येतं. संगणकातल्या प्रोसेसरच्या डोक्यावरही एक कूलर बसतो आणि त्याच्या पंख्याची वायर कुठे खोचली यावर आपला धंदा अडू शकतो, हे मला एका लग्नाच्या व्हिडिओने शिकवलं.

लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ हेच माझं काम. तयार मशीन परवडेना, म्हणून दिवाळीनंतर सुटे भाग मागवून घरीच जोडायला घेतलं. प्रोसेसर इंटेलचा आय-फाइव्ह १२४००, त्यावर १२० मिलिमीटरच्या पंख्याचा उंच टॉवर कूलर, कॅबिनेटला पुढे रंगीत दिव्यांचे तीन पंखे आणि मागे एक साधा. पेस्ट लावली, रॅम बसवली, बोर्ड कॅबिनेटमध्ये स्क्रूने आवळला. आता राहिल्या फक्त वायरी, म्हणून मी चहा मागवला. खरं तर तिथूनच काम बिघडायला लागलं.

कूलरच्या पंख्यासाठीच्या चार पिना बोर्डाच्या वरच्या कडेला, प्रोसेसरजवळ असतात. शेजारी बारीक अक्षरांत ‘सीपीयू फॅन’ छापलेलं असतं. माझ्याकडे त्या पिना टॉवरच्या पात्यांखाली गेल्या होत्या आणि वरून कॅबिनेटची पट्टी. दोन बोटं आत जायची, पण पिन दिसायची नाही; पिन दिसेल असं वाकलं की बोटं जायची नाहीत. पंधरा मिनिटं झटापट केली, नखाजवळ कापून घेतलं आणि कंटाळून ती वायर खालच्या मोकळ्या ‘चा-फॅन’वर खोचली. ते ‘चा’ म्हणजे चेसिस, कॅबिनेटच्या पंख्यांची जागा. पंखा फिरला. म्हटलं, फिरतोय ना, मग झालं.

मशीन सुरू करताच काळ्या पडद्यावर अक्षरं आली: सीपीयू फॅन एरर, एफ-वन दाबा. बोर्ड बिचारा खरंच सांगत होता की इथे पंखा असायला हवा आणि मला त्याचे फेरे मोजता येत नाहीत. पंख्याच्या तिसऱ्या तारेतून दर फेऱ्याला दोन ठोके येतात, त्यावरून बोर्ड वेग ओळखतो. ठोके नाहीत म्हणजे पंखा नाही. आठवडाभर मी रोज सकाळी देवाला दिवा लावावा तसा एफ-वन दाबत होतो. मग बायोसमध्ये शोधून त्या पंख्यावरची नजरच बंद करून टाकली. सूचना गेली. स्वतःवर खूश झालो, हे कबूल केलेलं बरं.

थंडीत काही जाणवलं नाही. एप्रिल सरता सरता मशीन बैलगाडीसारखं चालायला लागलं. चाळीस मिनिटांचं रेंडर दोन तासांवर गेलं. मी सॉफ्टवेअरला दोष दिला, विंडोज नव्याने टाकलं, रॅम काढून पुसून लावली, घरातल्या विजेलाही बोल लावला. अक्षय्य तृतीयेच्या आसपास एका वधूपित्याचा रोज फोन यायला लागला, तेव्हा भाच्याला बोलावलं.

त्याने आधी तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं. प्रोसेसर १०० अंशांवर. या प्रोसेसरची मर्यादाच तेवढी. तिथे पोचला की तो जीव वाचवायला स्वतःहून वेग पाडतो. ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत धावणारा प्राणी दोनच्या खाली रांगत होता. बोर्डाचं तापमान मात्र ४३ आणि पंख्याचे फेरे मिनिटाला साडेपाचशे.

“मामाजी, तुमचा पंखा बोर्डाचा ताप पाहून फिरून राहिला, प्रोसेसरचा नाही,” तो म्हणाला.

सगळी गोम तिथेच होती. त्या खालच्या पिना बोर्डावरच्या दुसऱ्या सेन्सरचं ऐकत होत्या. तिकडे गारच होतं, मग पंख्याने घाई कशाला करावी? कॅबिनेटची बाजूची पाटी काढून मी टेबल फॅन लावून पाहिला होता, तेव्हा थोडा वेळ बरं वाटायचं. पण रोग एकीकडे आणि मी मलम लावत होतो दुसरीकडे.

भाच्याने कूलरचा पंखा क्लिपा काढून बाजूला केला, चिमट्याने वायर योग्य जागी बसवली, पंखा परत लावला. दहा मिनिटं. म्हणून पहिली गोष्ट सांगतो: बोर्ड टेबलावर उघडा असतानाच कूलरची वायर लावून घ्या, मगच तो कॅबिनेटमध्ये उतरवा. बोर्डासोबतच्या पुस्तिकेत पिनांचा नकाशा असतो. ते एक पान उघडून समोर ठेवा, बाकीची पुस्तिका नाही वाचली तरी चालेल.

वायरींचं म्हणाल तर तीन छिद्रांचा प्लग चार पिनांवर बसतो, प्लास्टिकची खाच जुळवायची, जोर लावायचा नाही. पण तीन तारांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी करूनच उतरतो, चार तारांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि वेगाचा हुकूम चौथ्या तारेतून जातो. बायोसमध्ये पहिल्यासाठी ‘डीसी’ आणि दुसऱ्यासाठी ‘पीडब्ल्यूएम’ निवडायचं. तीन तारांचा पंखा ‘पीडब्ल्यूएम’वर ठेवला तर तो दिवसरात्र पूर्ण वेगात घोंगावत राहतो, आणि लोक पंखा बदलायला निघतात.

पुढचे तीन पंखे एकाच जागेवरून चालवायचे असतील तर फाटा फुटलेली वायर मिळते. त्याआधी पंख्याच्या मधल्या स्टिकरवरचा अँपिअरचा आकडा बघा. बहुतेक बोर्डांवर अशी एक जागा १ अँपिअरपर्यंतच भार घेते. माझे पंखे ०.१८ चे, तिन्ही मिळून ०.५४, म्हणजे निभावलं. जास्त पंखे असतील तर पॉवर सप्लायमधून वीज घेणारा हब घ्या. आणि चांगल्या फाट्यात एकाच पंख्याची वेग सांगणारी तार बोर्डापर्यंत जाते. बाकीच्यांतला एखादा बंद पडला तर बोर्डाला पत्ता लागत नाही, ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

दिशेचं सोपं आहे. स्टिकर धरून ठेवणाऱ्या काड्या ज्या बाजूला, तिकडे हवा बाहेर पडते. पुढून आत, मागून बाहेर. माझा मागचा पंखा उलटा होता, तोही त्याच दिवशी सुलटा झाला.

मग आम्ही बायोसमध्ये जाऊन ती नजर पुन्हा चालू केली, कॅबिनेटच्या पंख्यांनाही प्रोसेसरचं तापमान बघायला लावलं आणि तिथेच बसून एकेका पंख्याचे फेरे वाचले. कूलरचे पंधराशेच्या वर गेले. दुपारी खोलीत अंगाला घाम असताना तोच व्हिडिओ रेंडरला लावला, प्रोसेसर ऐंशीच्या आत राहिला. वधूपित्याला पेन ड्राइव्ह रात्री पोचला.

दिव्यांचं तेवढं राहिलं. प्रत्येक दिवेवाल्या पंख्याला दोन वायरी असतात, एक फिरण्याची आणि एक दिव्याची. माझ्या पंख्यांचे दिवे ५ व्होल्टचे, तीन छिद्रांच्या प्लगचे. बोर्डावर मात्र फक्त १२ व्होल्टच्या चार पिना होत्या. स्वस्त प्लग, अडवणारं काही नव्हतं, बसला. निळा उजेड पडला, एक बारीकसा वास आला आणि तिन्ही विझले ते कायमचे. पंखे अजून छान फिरतात. कोणी गिऱ्हाईक विचारलंच तर मी सांगतो, एडिटिंग करताना डोळ्यांना त्रास होतो, म्हणून बंद ठेवलेत.